एक रुईचं झाड, एक महिना: कीटकांची मॅक्रो फोटोग्राफी सुरू करताना

“काय हरवलं का, साहेब?” सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर मी सकाळी सात वाजता गुडघे टेकून, नाक पानाला लावून बसलो होतो, तेव्हा वॉचमनकाकांनी विचारलं. मी कॅमेऱ्याचा स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. रुईचा रस शोषणारे इवले किडे, म्हणजे पिवळाधमक मावा, त्यातली एक मादी नुकतीच व्यायलेली, पिल्लू अजून पाय झाडतंय. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग झाडाकडे आणि म्हणाले, “ह्यात एवढं असतं होय?”

मॅक्रोकडे, म्हणजे इवल्या गोष्टी जवळून मोठ्या टिपण्याकडे, नव्याने वळणारे बहुतेक जण आधी विचारतात, कुठली लेन्स घेऊ? माझं म्हणणं असं की आधी झाड ठरवा. लेन्सचं पुढे बघू. एकच झाड निवडायचं आणि महिनाभर त्याच्याकडेच जायचं. दर रविवारी नवी टेकडी, नवं जंगल असं फिरत राहिलात तर फोटोंचा ढीग होतो, पण कुठला किडा किती वाजता कुठे बसतो हे कळत नाही. आणि या कामात तेच कळावं लागतं.

पहिली पायरी: झाड निवडा

माझी शिफारस रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच. पडीक प्लॉट, रेल्वेलाइनची कड, रस्त्याचा दुभाजक, कुठेही उगवते, तिला कोणी पाणी घालत नाही आणि औषधही मारत नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बागेतल्या गुलाबावर फवारणी होते, म्हणून तिथे किडे कमी दिसतात.

पानं मोठी, जाड आणि फिकट असल्यामुळे त्यांच्यावर किडा ठळक उठून दिसतो. शिवाय बहुतेक प्राणी या विषारी चिकाच्या वाटेला जात नसल्यामुळे इथे राहणारी मंडळी ठरलेली आहेत. फांद्यांच्या शेंड्यांना आणि कळ्यांना पिवळा मावा. त्याला खायला आलेले लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या. पानांवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या. पावसाळ्यात निळे-पिवळे, लग्नाच्या वरातीसारखे रंगवलेले नाकतोडे. फुलांवर काळे मोठे भुंगे. बिबळ्या कडव्याचा अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास आपल्या हवेत साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. महिन्याची अट मी घातली ती त्यासाठीच.

एक सावधगिरी आत्ताच सांगतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फांदी वाकवताना पान तुटतं, बोटाला चीक लागतो आणि त्याच बोटाने आपण व्ह्यूफाइंडरला लावलेला डोळा चोळतो. नजर धूसर होते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते. पाण्याची बाटली जवळ ठेवा, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

रुई जवळपास नसेल तर कुंडीतला कढीपत्ता किंवा लिंबू चालेल. लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या तिथे मिळतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुढे हिरव्यागार होतात आणि डिवचलं की डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढतात. डिवचू नका, मुंगी आली की तीच डिवचते, तेव्हा फोटो घ्या.

दुसरी पायरी: पहिला आठवडा फक्त बघा

कॅमेरा न नेता गेलात तर उत्तम, पण कोणी ऐकत नाही, तेव्हा न्या. फक्त वही बरोबर असू द्या. सकाळी सहा-साडेसहा, मग नऊ, मग संध्याकाळी पाच, अशा वेगवेगळ्या वेळी जा आणि कोण कुठे आहे ते टिपा.

कीटकांच्या शरीराचं तापमान हवेवर अवलंबून असतं. पहाटे ते गारठलेले असतात, पंखांवर दव असतं, उडायची ताकद नसते. पुण्या-नाशकाकडे नोव्हेंबर ते जानेवारीच्या सकाळी नाकतोडा आपल्या लेन्सपासून चार बोटांवर असूनही हलत नाही. ऊन चढलं की तोच तुम्हाला दोन हातांवरही येऊ देत नाही. भुंग्यांचं उलट, ते ऊन तापल्यावरच फुलांवर येतात. कोकणात आणि मुंबईत थंडीचा हा फायदा कमी मिळतो. तिथे पाऊस उघडल्यानंतरची ढगाळ सकाळ धरा.

पानाची खालची बाजू बघायला विसरू नका. बिबळ्या कडव्याची मादी बहुतेकदा तिथेच एकेक अंडं चिकटवते. पांढरट, टाचणीच्या टोकाएवढं. पानाला कुरतडलेलं भोक दिसलं, खाली काळी लेंडकी दिसली, तर अळी दोन पानांच्या आतच आहे. अळी पान खाण्याआधी त्याची शीर कुरतडते, म्हणजे चीक पुढे जात नाही आणि मग निवांत जेवते. ही कुरतडलेली, मान टाकलेली पानं लांबूनही ओळखू येतात. ही खूण मला कळायला तीन महिने लागले, तुम्हाला फुकट.

तिसरी पायरी: आता लेन्स

मॅक्रोची व्याख्या अशी: एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) एक सेंटिमीटरच उमटला की एकास एक. लेडीबर्ड साधारण अर्ध्या सेंटिमीटरचा असतो, मावा दोन-अडीच मिलिमीटरचा. म्हणजे फुलपाखराला एकास एकची गरजच नाही आणि माव्याला एकास एक पुरत नाही. काय टिपायचं आहे त्यावर काय घ्यायचं ते ठरतं.

मोबाइलवाल्यांनो, वाईट वाटून घेऊ नका. ज्या फोनमध्ये वाइड लेन्स मॅक्रोचं काम करते, तो पानावरची अळी, नाकतोड्याचं डोकं, भुंगा हे व्यवस्थित टिपतो. अडचण एकच: दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जावं लागतं आणि फोनची सावली किड्यावर पडते. बाजूने उजेड येईल असे उभे राहा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि मग फोन हलवून फोकस आणा.

घरात कॅमेरा आणि ५५-२५० सारखी झूम असेल, तर माझ्या मते सगळ्यात शहाणा खर्च म्हणजे पुढे चिमट्यासारखी बसणारी क्लोज-अप भिंग. रेनॉक्स डीसीआर २५० हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ती ८ डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचं माप) आहे. २५० मिलिमीटरवर झूम केलं की साधारण दुप्पट आकार मिळतो, किडा भिंगापासून अंदाजे १२ सेंटिमीटरवर असतो आणि मधेच फुलपाखरू आलं तर भिंग काढून खिशात टाकता येते.

५० मिलिमीटरची लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी, आत काच नाही. ५० च्या लेन्समागे ५० मिलिमीटरची नळी लावली की एकास एक. तारा जोडलेली घ्या, नाहीतर ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली) उलटी लावायची रिंग सगळ्यात स्वस्त, चित्रही आश्चर्य वाटेल इतकं चांगलं येतं. पण ॲपर्चरचा ताबा जातो आणि मागची काच धुळीला उघडी पडते. प्रयोग म्हणून करा, महिनाभर तीच वापरू नका.

खरी मॅक्रो लेन्स ९० ते १०५ मिलिमीटरची घ्या, पण महिना संपल्यावर. ६० ची स्वस्त मिळते, मात्र किड्याच्या फार जवळ जावं लागतं.

चौथी पायरी: उजेड

इथे जरा थांबूया, कारण नवशिक्यांचे निम्मे फोटो उजेडापायी वाया जातात.

एकास एकवर, एफ ११ ठेवूनसुद्धा (एफचा आकडा जितका मोठा तितकं ॲपर्चर बारीक), फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. माशीचा डोळा स्पष्ट आला तर तिचा पंख धूसर. म्हणून ॲपर्चर बारीक करावं लागतं, बारीक केलं की उजेड कमी होतो. शिवाय एकास एकवर लेन्स इतकी लांबते की एफ ११ चा उजेड एफ २२ इतकाच सेन्सरवर पोहोचतो. त्यात पान वाऱ्याने हलतंय, तुमचा हात हलतोय. उन्हावर भागवायचं म्हटलं तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो ते माप) चढवा किंवा शटर मंद करा. दोन्हीत फोटो खराब होतो.

त्यासाठी फ्लॅश. कमी ताकदीवर, म्हणजे १/८ किंवा १/१६ वर, फ्लॅशची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत संपते. तेवढ्या वेळात मुंगीसुद्धा थिजून जाते. कॅमेऱ्यावरचा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश पुरतो.

पण उघडा फ्लॅश वापरू नका. लेडीबर्डचं कवच म्हणजे स्टीलची वाटी. तिच्यावर फ्लॅश थेट मारला की मधोमध पांढरा ठिपका जळतो आणि खालचा रंग गायब. माझे पहिले दोनशे फोटो असे आहेत, ठिपक्यांच्या किड्यावर एक ठिपका जास्त. फ्लॅश आणि किड्याच्या मधे मोठा, पांढरा, पातळ पडदा हवा. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोमचा पातळ कागद, दोन पदरी. त्याच्यामागे ट्रेसिंग पेपर. वेफर्सच्या गोल डब्याचा तळ कापून आतून चकचकीत ठेवा, फ्लॅशच्या तोंडावर बसवा आणि दुसऱ्या टोकाला हा फोम रबरबँडने लावा. नियम दोनच: पडदा जितका मोठा तितका उजेड मऊ, आणि किड्याच्या जितका जवळ तितका अजून मऊ. म्हणून डब्याचं तोंड लेन्सच्या टोकाच्या थोडं वर, खाली झुकलेलं असावं. दिसायला हे यंत्र भयंकर असतं. टेकडीवर फिरायला आलेली मंडळी थांबून बघतात. बघू द्या.

सुरुवातीची सेटिंग अशी लिहून घ्या: मॅन्युअल मोड, शटर १/१६० किंवा १/२००, ॲपर्चर एफ ८ ते एफ ११, आयएसओ २००, फ्लॅश १/८. फोटो काळपट आला तर फ्लॅशची ताकद वाढवा, ॲपर्चर उघडू नका. एफ १६ च्या पुढे जायचा मोह होईल. जाऊ नका, प्रकाश फाकतो आणि सगळंच किंचित मऊ दिसायला लागतं.

मागची बाजू काळी येते अशी तक्रार हमखास होते. किड्यामागे एक-दोन वीत काहीच नसेल तर फ्लॅशचा उजेड तिथे पोहोचत नाही, म्हणून अंधार. रुईच्या बाबतीत सोपा इलाज आहे: किड्याच्या मागे दुसरं पान येईल असा कोन शोधा. नाहीच मिळालं तर गळून पडलेलं एक पान डाव्या हाताने मागे धरा.

पाचवी पायरी: हात आणि श्वास

ऑटोफोकस बंद करा. एवढ्या जवळ तो पुढेमागे घोटाळत बसतो. लेन्सवर हवा तो आकार ठरवा आणि मग फोकसची रिंग सोडून द्या. आता स्वतःच पुढे-मागे झुकायचं, तेही मिलिमीटर-दोन मिलिमीटर. डोळा लख्ख झाला त्या क्षणी शटर.

ट्रायपॉड मी वापरत नाही. तो उघडेपर्यंत किडा गेलेला असतो आणि उघडताना पाय फांदीला लागतो. त्याऐवजी डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी हलकेच धरा आणि त्याच हाताच्या अंगठ्यामागे लेन्स टेकवा. वाऱ्याने फांदी हलली तर लेन्सही तिच्याबरोबर हलते, अंतर तेच राहतं. ही एक युक्ती जमली की फोटो दुप्पट चांगले येतात. सराव घरी कुंडीतल्या तुळशीवर करा. हाताची सवय नसेल तर जमिनीत एक काठी रोवा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फांदी तिला जोडा.

जवळ जाताना खालून आणि हळू जा. तुमची सावली किड्यावर आली की संपलं. नाकतोडा पानामागे सरकतो, चतुर उडतो. चतुर उडाला तर हलू नका. तो बऱ्याचदा त्याच काडीवर परत येऊन बसतो. भुंगा मात्र परत येत नाही, त्याच्यामागे धावू नका. एका फुलासमोर बसून राहा.

कॅमेरा किड्याच्या डोळ्यांच्या उंचीला न्या. वरून घेतलेला फोटो म्हणजे रस्त्यावरून खाली बघणारा माणूस. समोरून घेतला की अळीलाही चेहरा येतो. पूर्ण शरीर स्पष्ट हवं असेल तर सेन्सर त्याच्या अंगाला समांतर ठेवा, म्हणजे तो एक मिलिमीटरचा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत पुरतो. चेहरा हवा असेल तर डोळे सोडून बाकी सगळं धूसर जाऊ द्या.

एका जागी पाच-सात फोटो घ्या. सकाळच्या दोनशे फोटोंतले आठ ठेवण्याजोगे निघाले तर तो दिवस चांगला.

सहावी पायरी: महिनाभरात काय टिपाल

सुरुवात माव्यापासून. तो हलत नाही, संख्येने भरपूर असतो आणि घाबरत नाही. विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला मास्तर नाही. पिवळं अंग, काळे पाय, मागे दोन काळ्या नळ्या. वसाहतीत जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्या थेट पिल्लं देतात. धीर धरलात तर एखादी मादी मागच्या टोकाने पिल्लू बाहेर सोडताना दिसेल. त्यांच्यात एखादा मावा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा दिसला तर जवळ जा. त्याच्या आत एका इवल्या गांधीलमाशीसारख्या परजीवीची अळी वाढलेली असते. पाठीवर गोल भोक असेल तर ती निघूनही गेली.

याच गर्दीत काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी सापडेल. ती लेडीबर्डची. बागकाम करणारे तिला कीड समजून चिरडतात, ही माझी जुनी खंत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बिबळ्या कडव्याची अळी. अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असतात. समोरून, शिंगं दोन्ही बाजूंना पसरलेली असताना घ्या. कोष पानाखाली किंवा फांदीला लटकतो, हिरवा किंवा गुलाबी, त्यावर सोनेरी ठिपके. फ्लॅश थोडा बाजूने मारला तर सोनं चमकतं. कोषातून काळे-नारिंगी पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी पहाटेच जा.

भुंग्यांसाठी दुपारचे अकरा ते एक. फोटो मोठा करून त्याच्या पायांकडे बघा. केसांना पिवळ्या चपट्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. रुई परागकण सुटे देत नाही, अशा गठ्ठ्यांत बांधून भुंग्याच्या पायाला अडकवते.

प्रार्थनाकीटक सापडला तर नशीब. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका तुम्ही जिथे जाल तिथे वळतो, बघतोय असं वाटतं. तो खराखुरा बुबुळ नाही. संयुक्त डोळ्याच्या ज्या नळ्या थेट तुमच्याकडे रोखलेल्या असतात त्या काळ्या दिसतात, एवढंच. ठिपके दोन्ही डोळ्यांत सारखे आले की चेहरा जिवंत होतो.

काय करायचं नाही

किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, गोंदाने चिकटवणं, फांदी तोडून घरी आणणं, यातलं काहीही करू नका. इंटरनेटवरचे काही चमत्कारिक फोटो याच मार्गाने आलेले असतात: बेडकावर स्वार भुंगेरा, छत्री धरलेला नाकतोडा. जरा सरावलेल्या डोळ्याला ते लगेच कळतं.

रिकाम्या प्लॉटवर बूट घाला, झुडपात हात घालण्याआधी काठीने चाचपा. विटांच्या ढिगात घोणस असू शकते, कोकणात फुरसं. केसाळ सुरवंटाला हात लावू नका. पावसाळ्यात ज्या हिरव्या काटेरी अळीला घोणस अळी म्हणतात तिच्या काट्यांची आग जबरदस्त असते. २०२२ साली तिच्या दंशाच्या बातम्या मराठवाड्यातून आल्या होत्या. गांधीलमाशीच्या पोळ्यासमोर फ्लॅश मारण्याआधी पळायची वाट बघून ठेवा.

काजव्यांवर फ्लॅश मारू नका. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडे गर्दी होते. काजवे एकमेकांना प्रकाशाने शोधतात, आपल्या उजेडात त्यांची भेट चुकते. कास पठारावर किडे उत्तम आहेत, दवबिंदू नावाच्या कीटक खाणाऱ्या वनस्पतीही आहेत, पण तिथे गुडघे टेकायला जागा शोधताना खाली फुलं चिरडली जातात. पायवाटेवरून मिळेल तेवढंच घ्या.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो चाळा, उद्यावर टाकू नका. डोळा स्पष्ट नाही तो फोटो पुसा, कितीही आवडला तरी. जो ठेवाल त्याच्या नावात तारीख, जागा आणि झाडाचं नाव घाला. ओळख पटत नसेल तर आयनॅचरॅलिस्ट या प्राणी-वनस्पती ओळखायच्या वेबसाइटवर टाका. तिथे माणसं सांगतात. पंखाच्या शिरा, पायांचा रंग, शिंगांची जाडी यांवरून नाव ठरतं, म्हणून एकाच किड्याचा समोरून, बाजूने आणि वरून असा संच ठेवा. आठ पाय दिसले तर तो कोळी, कीटक नाही. लाल ओंबील मुंग्यांच्या रांगेत एखादी जरा वेगळी चालणारी दिसली तर पाय मोजा. मुंगीचं सोंग घेतलेला कोळी असू शकतो.

महिन्यानंतर संध्याकाळी एकदा तुळशीच्या मंजिऱ्यांकडे जा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या दिवसा तिथे क्षणभरही थांबत नाहीत, फोटो मिळत नाही. पण सूर्य मावळताना जवळपासच्या वाळलेल्या काड्या तपासा. या माश्या जबड्याने काडी धरून, पाय सोडून, रांगेने झोपतात आणि बऱ्याचदा रोज त्याच काडीवर येतात. शटर १/१६०, एफ ११, फ्लॅश १/१६, पडदा अगदी जवळ. काडीला धक्का न लावता चार-पाच फोटो घ्या आणि मागे सरका. अंधार पडेपर्यंत अजून दोघी-तिघी यायच्या असतात.